भाऊजींची विलायती राणी

आमचे धाकटे भाऊजी माणसांशी मोजकं बोलत आणि घोडीशी अखंड. आमच्या देवळी गावात त्यांची ही घोडी, राणी, वराती नेई. नवरदेव रुसला तर चालायचं. राणी रुसली की वरात जागच्या जागी. मग भाऊजी तिच्या कानाशी लागत, "चाल माय, लोक पाहून राह्यले." तेव्हा कुठे बाईसाहेब पाऊल उचलत. आमच्या घरात मला कधी कोणी एवढं मनवलं नाही, ते असो.

राणी म्हातारी होऊन गेली आणि मुलीने, सारिकाने, भाऊजींना आयर्लंडला नेलं. ज्याच्या हाकेवर वरात हलायची तो माणूस तिथे नुसता सारिकाचा बाबा. "वहिनी, सामानासारखा ठेवून आहो इथं," फोनवर म्हणाले. शेवटी पोरीने शेजारच्या शेतकऱ्याकडची एक उतारवयाची घोडी घेऊन दिली. नाव अर्थातच राणी. आता एकच ध्यास, एकदा चार लोकांपुढे मैदानात उतरायचं.

पण तिकडे घोडीला दाण्याआधी पासपोर्ट! भाऊजींच्या पासपोर्टाला पोलीस येऊन शेजाऱ्यांना विचारून गेले होते, माणूस कसा आहे म्हणून. राणीचा तबेल्यात उभ्या उभ्या झाला. जनावरांच्या डॉक्टरने मानेत चिप टोचली आणि कागदावरच्या चित्रात तिच्या अंगावरचा केसांचा एकेक भोवरा काढला. झालं! आपल्याकडे कपाळाचा भोवरा शुभ की अशुभ हे पाहिल्याशिवाय घोडं घेत नाहीत. "वहिनी, हे गोरे आपल्याहून पक्के! डॉक्टर सोता भोवरे पाह्यते!" ते ओळख पटवायला असतं, हे सांगून सारिकाचा घसा बसला. भाऊजींनी डॉक्टरला घोडीचं नशीब विचारलंच. दात चांगले आहेत, म्हणाला तो.

मग विमा. राणीने कोणाला लाथ मारली तर भरपाई कंपनी देणार. "आपल्या राणीनं व्याह्याले मारली तवा नारळावर भागलं," भाऊजी म्हणाले. घोडीला काही खोडी आहेत का, असं कंपनीने विचारलं. यांनी कौतुकाने सगळ्या सांगितल्या. इंग्रजी करताना सारिकाने निम्म्या गिळल्या.

स्पर्धा म्हणजे पंचांपुढे घोडीने ठरल्याप्रमाणे चालायचं, वळायचं, थांबायचं. वरातच की, फक्त नवरदेव नाही. पण स्वार घोडीशी बोलला की गुण कापतात. भाऊजी फेट्याऐवजी हेल्मेट घालून चढले आणि फाटकापासूनच सुरू, "चाल माय, लोक पाहून राह्यले." राणी झोकात चालली म्हणे. नंबर शेवटचा.

"बाबा, पुढच्या वेळी गप्प राहा, नंबर येईल."

"मुक्यानं? घोडीवर बसलो का पोत्यावर?"

पुढच्या वर्षी पुन्हा उतरले, पुन्हा बोलले, पुन्हा शेवटचे. लोक मात्र आता त्यांना नावाने हाक मारत होते. मी फोनवर खवचटपणे विचारलं, "बक्षिसं आणाले ट्रक पाठवू का, भाऊजी?"

या हिवाळ्यात भाऊजी तिकडेच गेले. लाथेचा विमा उतरवला, तो इथे काय कामाचा?

आठवड्याने सारिकाचा फोन. "मोठीआई, राणी तबेल्याबाहेर पाऊल टाकत नाही गं. बाबांसारखं मला बोलताच येत नाही. तू बोल ना. फोन तिच्या कानाशी धरते."

घ्या! या वयात सातासमुद्रापलीकडच्या घोडीची मनधरणी. मेथी निवडता निवडता रोज करते आहे. शेजारीण कुंपणावरून विचारते, "काऊन वं, कोणाले समजावून राह्यली?" काय सांगणार?

आज पहिल्यांदा पलीकडून टापा ऐकू आल्या. हळू, मग जरा झोकात. सारिका रडत होती. मी थांबले नाही, बोलतच राहिले. गुण कापायचे तर कापा म्हणावं.