चुरा धुणारे मामा

तेलासाठी खोदलेल्या विहिरीतून वर आलेला खडकाचा चुरा चाळणीत धुऊन झाला की मामा त्यातली एक कपची जिभेला लावायचे. चिकटली तर खडकाच्या आत बारीक पोकळ्या आहेत, आणि तेल असलंच तर अशाच खडकात. आम्ही घाई केली की म्हणायचे, "लाखो वर्सं थांबलाय तो. च्या हुस्तवर थांबंल की."

मामा तिसगावचे, मी श्रीरामपूरचा; नात्याचे नव्हेत, कॅम्पवर सगळेच त्यांना मामा म्हणायचे. आपल्या नगर जिल्ह्यात जाल तिथं काळा दगड, त्यात तेल कुठलं, म्हणून आम्ही पोटासाठी मध्य प्रदेशात, आटून गेलेल्या समुद्राच्या चुनखडकात तेल शोधत होतो. मी भूवैज्ञानिक, ते रोजंदार. सुट्टीला येताना एसटी पाथर्डीकडे वळली की ते गप्प होत. गावात जो तो विचारायचा, घावलं का? न घावलेलं किती वेळा सांगायचं, याचा शीण तुम्हालाही माहीत असेल.

तीन विहिरी कोरड्या गेल्या. चौथीही गेली तर कॅम्प उठणार आणि मामांचं काम जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका दुपारी जांभळ्या दिव्याखाली चुरा निळसर पांढरा चमकला. तेलाची खूण. मी वरिष्ठांना फोन केला, पेढे आले. मामांनी पोटाचं निमित्त सांगून पेढा परत ठेवला.

संध्याकाळी ते माझ्या केबिनशी आले. "साहेब, चाळनीचा चिखल निघंना म्हनून मी ती डिझेलनं धुतली. ते तेल आपल्याच ब्यारलातलं हाय."

डिझेलही तसंच चमकतं. सगळा चुरा त्याच चाळणीतून गेलेला, पुन्हा तपासायला काही उरलं नव्हतं. मला राग आला, त्याहून जास्त थकवा आला. एवढ्याशा डिझेलनं काय होतंय, गप्प बसा म्हणालो.

"मी बसतो गप. तुमी काय लिवनार?"

मी अहवालात खरं लिहिलं. विहीर बंद झाली. परतीच्या जीपमध्ये त्यांच्याशी कुणी बोललं नाही. मीही नाही, याची अजून लाज वाटते. मनात एकच घोळत होतं, खाली खरंच तेल असलं तर?

गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीनं तिथंच शेजारी विहीर खणली. ठणठणीत कोरडी. कळलं त्या आठवड्यात मी तिसगाव गाठलं. मामा महिन्यापूर्वीच गेले होते.

मामी ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मी सांगितलं, मामांचंच बरोबर होतं, खाली तेल नव्हतंच.

त्यांचा हात थांबला नाही. "त्यांना ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "शंका तुमाला हुती. म्हनून तर इतकी वर्सं आला न्हाईत."