चार्जशीटमधला तो शब्द

भोसरीच्या वर्कशॉपमध्ये बाबांच्या हातात कंपनीची चार्जशीट पडली तेव्हा मी दहावीत होतो; डबा द्यायला गेलो होतो, दारातच उभा होतो. सगळी इंग्रजीत. बाबांनी एका शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारला. पर्सनल खात्याचा साहेब खोलीतल्या चौघांकडे बघून हसला, म्हणाला, "अर्थ घेऊन काय करणार? सही कर." बाबांनी सही केली. नोकरी गेली. त्यानंतर जुना सोबती समोरून आला की बाबा रस्ता ओलांडून जायचे, आणि विषय काढला की उठून जायचे.

कागद मी चोरून वाचला. शब्द होता 'इनसबॉर्डिनेशन'. डिक्शनरीत मूळही सापडलं, लॅटिन: इन म्हणजे न, सब म्हणजे खाली, ऑर्डो म्हणजे रांग. रांगेतली आपली खालची जागा न मानणं, हुकूम न पाळणं. तेव्हापासून असले शब्द मुळासकट पाठ करायचा मला नादच लागला. आवड कसली, त्या हसण्यावर माझा दात होता.

गेल्या वर्षी चाकणच्या कंपनीत आमच्या लाइनवरच्या मित्राची चौकशी लागली. त्याच्या बाजूने बोलायला मी. आणि चौकशी अधिकारी म्हणून आला तोच साहेब, आता रिटायर झालेला! त्याने मला ओळखलं नाही. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

नियमाने कामगाराला कळेल अशा भाषेत आरोप समजावून सांगायचा असतो. मी एकेक शब्द धरला. "साहेब, 'विलफुल' म्हणजे? मराठीत लिहा. 'डेरोगेटरी'? कुठून आला हा?" 'इनसबॉर्डिनेशन'ला तो अडला. "अहो, म्हणजे... तेच ते." मी खोलीतल्या सगळ्यांकडे बघून हसलो, अगदी त्याच्यासारखा. मग अर्थ मी सांगितला आणि त्याला लिहायला लावला. पुढच्या तारखेला त्याने चौकशीच सोडली. कंपनीने मित्राला ताकीद देऊन प्रकरण मिटवलं.

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं रंगवून सांगितलं. ते हसले नाहीत.

"हुकूम न पाळणं? एवढंच?"

"एवढंच."

"प्रेस मशीनला हात वाचवायचा गार्ड नव्हता, म्हणून चालवणार न्हाई म्हणलो व्हतो. ते तर खरंच हाय." त्यांनी हाताकडे पाहिलं. "साहेब हसला तसा, मला वाटलं चोरी लिवलीय. आन् मी सही करून बसलो."

चौकशी सोडून निघाला तेव्हा त्या म्हाताऱ्याला मी हसत दारापर्यंत पोचवलं होतं. एवढ्यावर त्याला जाऊ द्यायलाच नको होतं.