कॅनडाच्या सवडीच्या कुरडया

गच्चीभर वाळत घातलेल्या कुरडया एका फ्रेममध्ये बसाव्यात म्हणून मी मोबाइल धरून मागेमागे सरकत गेलो आणि बुटांसकट कुरडयांवरच उभा राहिलो. पायाखाली कुरकुर वाजलं. मोठ्या वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "भाऊजी, कॅनडात खाली पाहून चालत नाहीत का?"

मी वीस वर्षं कॅनडात आहे. तिथे बुलडाणा जिल्ह्यातल्या आम्हा दहाबारा कुटुंबांचं मंडळ आहे. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी आम्ही भरपेट जेवतो आणि गावाकडची माणसं स्वतःच्या पायावर कशी उभी राहतील, याची काळजी करतो. यंदा काळजी फारच वाढली, म्हणून वर्गणी काढून माझ्या गावी, उंद्रीत, वहिनींच्या बचत गटाला कुरडया पाडायचं विजेचं मशीन घेऊन दिलं. उद्घाटनाला प्रतिनिधी म्हणून माझी एकमताने निवड झाली, कारण सुट्टी फक्त मलाच मिळाली.

गटाला चिखलीच्या एका किराणा दुकानदाराची पहिलीच मोठी ऑर्डर होती. मंगळवारी माल पोचला तर सीझनभर तुमच्याकडूनच घेईन, नाहीतर विसरा, असं त्याने स्वच्छ सांगितलेलं. शेवटचा घाणा रविवारी सकाळी पडायचा होता. आणि मंडळाचा ठराव असा, की उद्घाटन रविवारी सकाळी नऊला, व्हिडिओ कॉलवर. कॅनडाच्या नऊला. म्हणजे उंद्रीत संध्याकाळी साडेसहा.

शनिवारी चहा पिता पिता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, उद्याचा घाणा संध्याकाळी घेता येईल का?"

अंगणात गव्हाचा चीक गाळणाऱ्या बायांचे हात थांबले.

"काऊन?"

"आमचे सगळे मेंबर तेव्हा मोकळे असतात."

"भाऊजी, गहू तीन दिस भिजवला. आता चीक आंबून राह्यला. त्याले तुमचं मंडळ ठाऊक नाही."

"एकच दिवसाचा प्रश्न आहे."

"अन् संध्याकाळी पाडून वाळवू कशात? ऊन तिकडून पाठवता का?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी बाहेर जाऊन अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, "लोकांच्या भावना गुंतल्यात हो. आपण त्यांना स्वतःचे निर्णय घ्यायला शिकवतोय, हे जरा समजावून सांगा. आणि वेळ बदलू देऊ नका."

मी जाऊन हेच्या हेच समजावलं. वहिनी म्हणाल्या, "घेतला निर्णय. सकाळी सहा."

सहाला चीक शिजला आणि आठच्या आत घाणा उन्हात पडला. "मशीन चांगलं हाये," वहिनींनी मोकळेपणी कबूल केलं. "उद्घाटनच तेवढं जड जाऊन राह्यलं."

आता संध्याकाळी दाखवायचं काय? माझा चेहरा पाहून वहिनींना दया आली असावी. त्यांनी शिळी कणीक सैलसर भिजवून दिली. "तुमच्या लोकायले काय समजते?"

साडेसहाला मोबाइलवरच्या चौकटींत एकेक कुटुंब नाश्त्याची बशी घेऊन बसलं. मी हार घातलेल्या मशीनमधून कणकेच्या कुरडया पाडल्या. टाळ्या झाल्या. एका काकूंनी डोळे पुसले. चिकाचा वास अगदी इथपर्यंत आला, म्हणाल्या. त्या कुरडया नंतर म्हशीने खाल्ल्या. अध्यक्षांनी स्वावलंबनावर वीस मिनिटं भाषण केलं आणि जाता जाता म्हणाले, "वहिनी, यांच्याबरोबर आम्हा सगळ्यांसाठी दोन-दोन किलो पाठवा बरं का."

वहिनी मोबाइलजवळ आल्या. "हाव, पाठवते ना. चिखलीच्या दुकानाले लावला तोच भाव. तुमाले जास्त नाही."

कॅनडाचं नेटवर्क एकाएकी बिघडलं. "आवाज येत नाहीये," अध्यक्ष खणखणीत आवाजात म्हणाले आणि दिसेनासे झाले. मागोमाग एकेक चौकट गेली. मला हसायला जागा नव्हती. फुकटच्या पाच किलोंसाठी मीही बॅगेत कोपरा रिकामा ठेवून आलो होतो.

मंगळवारी वहिनी माल घेऊन एसटीने चिखलीला गेल्या आणि सीझनभराची ऑर्डर घेऊनच परतल्या. मी ही बातमी बायकोला फोनवर सांगितली आणि आपल्या पाच किलोंचं काय करायचं, असं चाचरत विचारलं.

ती म्हणाली, "पाच किलो घ्या आणि तोच भाव द्या. घासाघीस करणार असाल तर तिकडेच राहा आणि वहिनींच्या हाताखाली कुरडया पाडायला शिका. आपल्या घरातलं निदान एक माणूस तरी स्वावलंबी होईल."