सुखवतीबाईंच्या घरचा 'अस्सल' मुक्काम

'मातीशी नातं जोडा, गावाला हात द्या,' असं वेबसाइटवर लिहिलं होतं. आम्ही जबलपूरच्या गोरखपूर भागात दुसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे मातीशी आमचं नातं कुंडीपुरतंच. शिवाय पर्यटनामुळे गावात रोजगार कसा येतो, हे मी शाळेत मुलांना दरवर्षी शिकवते. म्हटलं, एकदा बघून तरी यावं. नवऱ्याने, सुधीरने, फॅक्टरीतून सुट्टी काढली. माणशी अठराशे रुपये, एक रात्र, जेवणासकट.

शनिवारी सकाळी बरेल्यात चहा घेतला आणि मंडला रोडला लागलो. रस्ता झकास आहे. नारायणगंजच्या पुढे फाट्याला आत वळलं की मात्र सात किलोमीटर नुसते खड्डे. छोटी गाडी असेल तर जपून.

दारात गवती टोपी घातलेला एक इसम उभा होता. "वेलकम मैडम, मैं यहाँ का एक्सपीरियन्स मैनेजर." गावात अनुभवालाही मॅनेजर लागतो, ही माझ्या ज्ञानात भर. त्याच्या मागे घराच्या मालकीणबाई, चाळिशीच्या सुखवतीबाई, ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या. फोटो निघेपर्यंत त्यांना हलायची परवानगी नसावी.

घराच्या भिंतीवर वारली चित्रं. मंडल्यात, गोंडांच्या घरावर, वारली!

"भैया, इनकी अपनी चित्रकारी है ना?" मी विचारलं.

"मैडम, गेस्ट को यही पसंद आता है."

जेवायला पळसाच्या पत्रावळीवर पनीर बटर मसाला. तो हायवेच्या ढाब्यावरून डब्यात आला होता. अंगणातली चूल फक्त फोटोसाठी, तिच्यावर झेंडूची माळ. मग बैलगाडीची सफर झाली, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत. बैलांनाही लाज वाटली असावी. चार वाजता 'पारंपरिक नृत्य'. एकसारख्या पिवळ्या साड्या नेसवलेल्या सहा बायका, गाणं स्पीकरवर, प्रेक्षक आम्ही दोघंच. त्या धानाची कापणी अर्धवट टाकून आल्या होत्या. एकीच्या दंडावरचे ओरखडे अजून ताजे होते. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार होतो?

सकाळी मी घराच्या मागच्या बाजूला गेले. तिथल्या पडवीत सुखवतीबाईंचं सगळं घर मावलं होतं, कारण पुढच्या दोन्ही खोल्या पाहुण्यांच्या. शेजारी टाइल्स लावलेला संडास, त्याला कुलूप.

"आप लोग कहाँ जाते हो?"

"खेत में," त्या सहज म्हणाल्या. "चाबी मैनेजर के पास रहती है. गंदा हो जाएगा, बोलते हैं."

पडवीतल्या चुलीवर कुटकीची, म्हणजे तिथल्या बारीक भरडधान्याची, पेज शिजत होती. "खाओगी?" त्यांनी विचारलं. मी सुधीरला हाक मारली. पेज आणि पाट्यावरची टोमॅटोची चटणी. त्या मुक्कामातलं खरं जेवण तेवढंच. तेवढ्यात टोपी आलीच.

"मैडम, बैक एरिया गेस्ट के लिए नहीं है. सुखवती, कितनी बार समझाया?"

माझा पारा चढला. घर कुणाचं, चूल कुणाची, मी वाटेल ते बोलले. सुधीर कानाशी लागला, "अगं, काहून भांडून राहिली?" सुखवतीबाई मात्र खाली बघून एवढंच म्हणाल्या, "दीदी, आप तो दोपहर को चली जाओगी." निघताना त्यांना माझा नंबर दिला आणि उगाच बरं वाटून घेतलं.

घरी येऊन मी सणसणीत रिव्ह्यू लिहिला. वारली, पनीर, कुलूप, सगळं. चावीचं वाक्य सुखवतीबाईंच्या नावासकट दिलं. लोकांनी वाहवा केली. स्टाफरूममध्ये मी दोन दिवस मिरवले.

दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. "दीदी, हमारा घर लिस्ट से काट दिया. बोले, तुमने गेस्ट को भड़काया."

पाहुण्यांच्या त्या पैशांवर त्यांची मुलगी मंडल्यात हॉस्टेलला राहून शिकत होती. हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. गवती टोपीला हसता हसता मीही त्या बाईला माझ्या गोष्टीतलं पात्र करून टाकलं होतं.

रविवारी आम्ही परत गेलो. सुखवतीबाई अंगणात धान पाखडत होत्या. मी माफी मागितली. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आपने झूठ नहीं लिखा," त्या म्हणाल्या. "पर पूछा भी नहीं."

मग त्यांनीच सांगितलं की त्या आता स्वतः पाहुणे ठेवणार. "घर तो हमारा ही है." माझ्या शाळेतल्या बाया दोनदा जाऊन आल्या. एकच खोली, साधी खाट, घरात शिजेल ते जेवण, नाच नाही. पैसे थेट सुखवतीबाईंच्या हातात. पाहुणे पूर्वीपेक्षा कमी येतात, हे त्या स्पष्ट सांगतात. मुलगी अजून हॉस्टेलवर आहे; पुढच्या वर्षीचं कसं जमेल, ते त्यांनाही माहीत नाही आणि मलाही.

हा लेख मात्र विचारून लिहिला. गावाचं नाव द्यायचं नाही आणि त्यांचंही बदलायचं, असं ठरलं. ज्यांना जायचं असेल त्यांनी मला लिहावं, मी सुखवतीबाईंना विचारून कळवीन. बाकी काही लिहायचं का, असं मी त्यांना विचारलं.

"लिख देना, बुधवार को कोई ना आए. बुधवार को हम बाज़ार जाते हैं."