जमनामायच्या देवघरातलं नाणं

भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरने अमळनेर सोडलं आणि माझ्या पिशवीतली रिठ्याची पुडी फुटली. रिठ्याची पूड नाकात गेली की माणूस शिंकतच सुटतो. इथे तर अख्खा डबा शिंकू लागला. समोरच्या म्हाताऱ्याने उपरण्यात नाक खुपसून विचारलं, "पाव्हणा, मसालाना धंदा शे का?" (मसाल्याचा धंदा आहे का?) म्हटलं, नाही हो, जुनी नाणी धुवायला घेतलाय. त्यावर तो जो माझ्याकडे बघत बसला तो थेट दोंडाईचे येईपर्यंत.

हे १९५८ सालच्या हिवाळ्यातलं. मी नाशकाला पोस्टात टपाल निवडायच्या कामावर होतो. पगार बेताचा, लग्न व्हायचं होतं, आणि नाद लागला होता जुन्या नाण्यांचा. नंदुरबार तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण नव्हतं. तिथे बदली झालेल्या एका मित्राने पत्र धाडलं होतं, की इथल्या सोनाराकडे मोडीच्या चांदीत तुझ्या कामाच्या वस्तू येतात, लवकर ये, नाहीतर सगळं मुशीत जाईल. पत्र वाचलं आणि रजेचा अर्ज खरडला. अर्जात आईची तब्येत बिघडवली, देव मला क्षमा करो.

नंदुरबारला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या अंगाचा वास आणि हवेत उडणारे पुंजके. मी न जेवताच बाजारात सोनाराचं दुकान गाठलं. सोनारआप्पांनी एक पितळी ताट पुढे सरकवलं. तुटके तोडे, पिचकलेली वाळी, आणि त्यांत दोन लहानशी चांदीची नाणी, इतकी झिजलेली की बोटाला गुळगुळीत लागावीत.

"असा आखो व्हतात," आप्पा शांतपणे म्हणाले. (असे आणखी होते.) तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याने फार वर्षांपूर्वी नांगरताना सापडलेलं नाण्यांचं गाडगं त्यांच्या वडिलांकडे आणलं होतं. त्याची कडी झाली, लेकींच्या पायांत गेली.

मी नाणी उजेडात धरली. क्षत्रप राजांची नाणी होती ती! अशा नाण्याच्या एका बाजूला राजाचा मुखवटा, डोक्यामागे साल, आणि मागच्या बाजूला डोंगर आणि कडेने राजाचं आणि त्याच्या बापाचं नाव. ती आटवून कडी केली म्हणजे राजघराण्याची वंशावळच वितळवली. माझा चेहरा बघून आप्पांना कीव आली असावी. म्हणाले, एक नाणं अजून त्या घरी देवघरात आहे. पण ते काही मिळायचं नाही.

मिळायचं नाही म्हटल्यावर मी कसला थांबतोय!

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशा गावाकडे जाणारी एस.टी. धरली, मध्येच उतरलो आणि एका बैलगाडीत बसून तापीकाठचं ते गाव गाठलं. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, पुढे केळीची बनं, त्यापलीकडे नदीची पांढरी वाळू. नाशिकच्या थंडीतून आलेल्या माणसाला तिथलं ऊन अंगावर घ्यावंसं वाटत होतं.

घरधनी मगनभाऊ ओसरीवरच भेटले. मी कोण, कशाला आलो ते सांगितलं. त्यांनी आत हाक दिली, "माय, हाऊ नाशिकथून वना शे. जुना पैसा देखस." (हा नाशिकहून आलाय. जुनी नाणी बघतो.)

जमनामाय बाहेर आली. सत्तरीची, काटक, कपाळ कोरं, पण डोळे कसे मिश्कील. गाडगं सापडलं ते तिच्या नव्याने नांदायला आल्या वर्षी. सासऱ्याने सगळं सोनाराकडे नेलं. त्यातलं एक तिने हट्टाने मागून घेतलं, कारण त्यावर तिला बाईचा चेहरा दिसला होता. ती तिची लक्ष्मी. तेव्हापासून रोज हळद, रोज कुंकू, दिवाळीला दुधाची अंघोळ.

तिने नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. लाल-काळ्या थराखाली एक नाक तेवढं बोटाला लागत होतं. "इकाना नही," तिने आधीच बजावलं. (विकायचं नाही.) मग जरा घुटमळून म्हणाली, "पन साफ करी देशी? मरानं आगोदर एकदाव देवीनं तोंड देखानं शे." (मरण्याआधी एकदा देवीचं तोंड बघायचंय.)

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. चेहरा देवीचा नसून राजाचा असावा अशी मला नुसती शंका होती, असं आजवर सगळ्यांना सांगत आलो. खोटं आहे. मला खात्री होती. पण डोक्यामागचं साल वाचायचा लोभ असा, की मी मुकाट्याने वाटीभर पाणी मागितलं.

मगनभाऊंच्या बायकोने चिंच आणि राख पुढे केली. मी हसून नको म्हटलं. जुन्या चांदीला चिंच-राखेने घासणं म्हणजे तिची सालच सोलणं. रिठ्याच्या कोमट पाण्यात नाणं भिजत घातलं आणि तोवर जेवायला बसलो. पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळल्या काड्यांवर) भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, वर कच्चं तेल. तसं भरीत पुन्हा कुठे खाल्लं नाही. जमनामाय मात्र जेवली नाही, देवीचं तोंड बघूनच जेवीन म्हणाली.

मग ओसरीवर उन्हात बसलो. बाभळीच्या काट्याने थर उचलायचा, पाण्यात बुचकळायचं, मऊ फडक्याने टिपायचं. पाणी लाल होत गेलं. दोन तासांनी डोक्यामागचे आकडे दिसले. माझ्याकडे नसलेलं साल! मी भान विसरून ओरडलो, "अहो, मिशा बघा, मिशा किती स्पष्ट आल्यात!"

जमनामाय वाकून बघत होती. तिने एकदम पदर पुढे ओढला, पार हनुवटीपर्यंत. परक्या पुरुषासमोर गुजरांच्या सुना ओढतात तसा.

"मानूस शे?" तिने पदराआडून विचारलं.

राजा आहे, माय, फार जुना, फार मोठा, असं मी काहीबाही बोलत सुटलो. मगनभाऊ हसू लागले. तिलाही आधी हसू आलं. मग ते ओसरलं.

"इतला वरीस मी परका मानूसले मन्हा घरनं बठ्ठं सांगं," ती म्हणाली. (इतकी वर्षं परक्या माणसाला माझ्या घरचं सगळं सांगितलं.)

मी नाणं परत देऊ लागलो. तिने हात मागे घेतला. "लई जा, भाऊ." (घेऊन जा.) मी खिशातले होते नव्हते ते पैसे काढले. ती म्हणाली, "जे मन्हं नही, त्याना पैसा कसाले लेऊ?" (जे माझं नाही, त्याचे पैसे कशाला घेऊ?) आणि आत निघून गेली. ती तेव्हा तरी जेवली का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

परतीच्या गाडीत हवं ते नाणं खिशात होतं आणि मला कसला आनंद म्हणून होत नव्हता. पुढे चौसष्ट साली ते परत द्यायला गेलो, तर माय वर्षापूर्वीच गेली होती. मगनभाऊंनी चहा पाजला, नाणं घेतलं नाही.

आजही जाणकार येतात, भिंगातून बघतात, वाखाणतात. या राजाचं नाव काय, बाप कोण, साल कोणतं, सगळं मी त्यांना घडाघडा सांगतो. पण जमनामाय त्याला रोज सकाळी काय सांगत होती, ते मला ठाऊक नाही. ते त्या वाटीतल्या लाल पाण्याबरोबर मी अंगणात ओतून दिलं.