लवंगेची ओळख

तापातून उठल्यावर माझ्या बायकोला, सुमनला, वास येईनासे झाले. दूध करपलं तरी तिला कळत नसे. डॉक्टर म्हणाले, "नाक ठीक आहे. मेंदूला वास पुन्हा शिकवावे लागतील."

तेव्हापासून रोज सकाळी ती डोळे मिटून बसते आणि मी लवंग, लिंबू, कापूर तिच्या नाकाशी धरतो. चार महिने एकच उत्तर होतं, "काही नाही."

आज लवंग हुंगून ती म्हणाली, "रबर जळल्यासारखा वास येतोय."

मी हिरमुसलो. मग वाटलं, मूलही पहिले शब्द चुकीचेच बोलतं. ऐकून ऐकून ते सुधारतात. मेंदूलाही वासाची ओळख अशीच भेटून भेटून होत असावी.

"चुकीचं का होईना, काहीतरी आलं," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "अहो, आता लिंबू द्या."