दहा बेचाळीसचा फोटो

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर हसणारा माणूस. सोसायटीत कुणी दाराला लिंबू-मिरची बांधली, तर त्यातलं लिंबू सरबताला चालेल का असं विचारणारा. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण कुठेतरी बोलायला हवं, आणि घरी बोलायची सोय नाही.

मी नेरळला राहतो, पतसंस्थेत नोकरी. सुट्टीच्या दिवशी भटकायचं, मोबाईलवर फोटो काढायचे आणि ॲपमध्ये घालून ते असे चकचकीत करायचे, की खुद्द त्या गावच्या लोकांनी विचारावं, हे कुठलं बाबा? मागच्या श्रावणात एका रविवारी आप्पांना – माझ्या वडिलांना – घेऊन कर्जत-चौक रस्त्यावरून आत, एका पठारावर गेलो. नाव मुद्दाम देत नाही, लगेच रील काढायला गर्दी व्हायची. पायथ्याचं गाव आप्पांच्या मामाचं, लहानपणी त्यांनी तिथे गुरं राखलेली. आता वय एकाहत्तर, शुगर आहे, आणि उन्हाळा सोडला तर डोक्यावर कायम मरून रंगाची माकडटोपी.

गाडी वरपर्यंत गेली. वर नुसतं धुकं. तरी मी कड्याच्या बाजूचा एक फोटो काढलाच. भुरभुर होती म्हणून आप्पांनी मोबाईलवर छत्री धरली होती. त्यांचा कोपर माझ्या खांद्याला लागत होता, हे मला नीट आठवतं.

मग तिथल्या एकुलत्या एक टपरीवर बसलो. चहा झाल्यावर आप्पा म्हणाले, जरा रानात भाजीला कंटोळी मिळतात का बघून येतो. टपरीवाल्या मावशींनी त्यांना पिशवी दिली. छत्री माझ्याजवळ ठेवून ते गेले. मी अडवलं नाही. ज्याने त्या डोंगरात गुरं राखली त्याला मी काय वाट दाखवणार!

आणि मी तो फोटो घेऊन बसलो. धुकं काढायचं एक टूल असतं, त्याची पट्टी शंभरपर्यंत ओढली. पांढऱ्यातून हळूहळू कडा दिसायला लागला, एक वाकडं झाड, त्याच्या खाली सपाट खडक. खडकावर मरून ठिपका. वेफर्सचं पाकीट असणार. लोकांना अक्कल नाही म्हणत त्याच्यावर इरेझर फिरवला, ठिपका गेला. मग आभाळ निळं केलं, गवत हिरवं केलं, चार फिल्टर लावून पाहिले.

"तुमचं वडील अजून नाय आलं," मावशी म्हणाल्या, तेव्हा मी घड्याळ पाहिलं. पाऊण तास झाला होता.

हाका मारल्या. फोन लावला तर तो गाडीतच वाजला. मावशी एका वाटेने गेल्या, मी दुसऱ्या. पुढे सरळ कडा, आणि पायाखालचं दिसत नव्हतं. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. आणि का कोण जाणे, तो ठिपका आठवला. फोटो उघडला, सगळं एडिटिंग काढून मूळ फोटो परत आणला, पट्टी पुन्हा शंभरवर नेली. ठिपका होता. झूम केला... माकडटोपी. बसलेला माणूस, एक हात वर केलेला.

विचार करत बसायची वेळ नव्हती. ते वाकडं झाड शोधलं, तिथून गुरांच्या वाटेने खाली उतरलो. खडकावर आप्पा बसले होते. घोटा टम्म सुजलेला, पिशवीत चार कंटोळी. त्यांच्या पुढे हातभर खडक, मग काही नाही.

मावशींना हाक मारून आम्ही दोघांनी आप्पांना वर आणलं. गाडीत बसल्यावर मी फोटोची वेळ पाहिली. दहा बेचाळीस. म्हणजे चहाच्या आधीची, छत्री धरली होती तेव्हाची. हे आप्पांना सांगायला वळलो, तर तेच हळू आवाजात बोलले.

"तू मगाशी आलावतास ना रं? धुकं फाटलं तवा मी हात केला. तू फोटू काढलास नि गेलास."

मी नाही म्हटलं. टपरीवरून हललोच नाही म्हटलं. फोटो दाखवला, वेळ दाखवली, छत्रीची आठवण करून दिली. त्यांनी स्क्रीनवरच्या त्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं.

"मीच हाय की," एवढंच म्हणाले.

नंतर एक मित्र म्हणाला, फोनची वेळ चुकली असेल. पण चहाचाही फोटो आहे माझ्याकडे, दहा पन्नासचा, आणि त्यात आप्पा समोर बशी धरून बसलेत. दोन्ही फोटो शेजारी ठेवून शंभरदा पाहिलेत. आणि पाऊण तास मी मोबाईलमधून मान वर काढली नव्हती, हेही मला नाकारता येत नाही.

कर्जत आल्यावर आप्पा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू तसाच गेलास ते घरी काय बोलू नको. तुज्या आईला वाईट वाटंल. मी पन नाय सांगनार."

आणि आजपर्यंत त्यांनी सांगितलेलं नाही.